स्पोर्टी गाडी आणि आपली सही



सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आपल्या वऱ्हाडात दोन बोलणी सुरू होतात. एक लग्नाची आणि दुसरी गाडीची. पूर्वी गाडी म्हणजे मोटारसायकल, फार तर ट्रॅक्टर. आता चारचाकी. मी अमरावतीत बायकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे बचत गटाच्या बैठकीला गेलं की हिशेबाची वही मिटल्यावर कुणीतरी हळूच जवळ येतं आणि विचारतं, "ताई, पोरगा म्हणते घ्यायची तं स्पोर्टीच गाडी घेऊ. ते स्पोर्टी म्हणजे काय असते? आन् घ्या काय?"

दर्यापूरकडच्या एका काकूंनी तर पुढचंही सांगितलं. पोराला त्या म्हणाल्या, मीही येते शोरूममध्ये. तो म्हणाला, "तुले काय समजते त्यातलं?" पण कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही काकूंचीच लागणार होती, कारण शेत त्यांच्या नावावर आहे. सही करताना समजतं आणि गाडी पाहताना समजत नाही, असं कसं चालेल? म्हणून आजचं बोलणं या गाड्यांवर. त्या काय आहेत, त्यांत फरक काय, आणि आपण त्या कुठे बसून पाहायच्या.

आधी शब्द समजून घेऊ. हॅचबॅक म्हणजे जिची डिक्की मागे पेटीसारखी बाहेर येत नाही, मागचं अख्खं दारच वर उचलतं, ती लहान गाडी. आपल्याकडच्या बहुतेक चार मीटरच्या आतल्या असतात. तिलाच जोरदार इंजिन, जरा कडक स्प्रिंगा, मोठी चाकं आणि थोडा रंगाचा थाट दिला की ती स्पोर्टी.

आता त्या इंजिनाचं. या गाड्यांत टर्बो असतो. पोरं हा शब्द असा उच्चारतात की जणू मंत्रच. पण त्यातलं तत्त्व आपल्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. चुलीत काड्या असतात, धग असते, पण जाळ उठत नाही. आपण फुंकणीने फुंकतो आणि भप्पकन जाळ होतो. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. पण जास्त फुंकलं तर काड्याही लवकर संपतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. टर्बो गाडी हळू चालवली तर पेट्रोल बेताचं खाते. पाय दाबून चालवली तर शोरूमच्या कागदावरचा मायलेज कागदावरच राहतो. आणि ते चक्र फार वेगाने, फार गरम फिरतं, म्हणून इंजिन ऑइल ठरल्या वेळी बदलणं हे तिथे चुकवून चालत नाही. लांबून जोरात येऊन गाडी लगेच बंद करू नये, मिनिटभर तशीच चालू ठेवावी.

आता पोरांच्या तोंडी असलेल्या तीन गाड्या घेऊ.

पहिली स्विफ्ट. मारुतीने ती आपल्या देशात २००५ मध्ये आणली, आणि गावात गाडी घेणाऱ्या पहिल्या पिढीने तिलाच स्पोर्टी म्हटलं. २०२४ च्या मे महिन्यात तिचं नवं रूप आलं. तिच्यात टर्बो नाही. ११९७ सीसीचं साधं तीन सिलिंडरचं इंजिन, ताकद साधारण ८२ अश्वशक्ती. पण गाडी हलकी आहे, म्हणून चपळ वाटते. सहा एअरबॅगा सगळ्या मॉडेलांत आहेत.

दुसरी ह्युंदाईची आय-२० एन लाइन. २०२१ मध्ये आली. हिचं इंजिन स्विफ्टपेक्षा लहान, ९९८ सीसीचं, पण टर्बोमुळे १२० अश्वशक्ती. चारही चाकांना डिस्क ब्रेक. स्प्रिंगा साध्या आय-२० पेक्षा कडक. मागे दोन सायलेन्सर, आतून सगळं काळं, त्यावर लाल रेघा.

तिसरी टाटाची अल्ट्रोझ. हिची गोष्ट जरा नीट ऐका. जून २०२४ मध्ये टाटाने अल्ट्रोझ रेसर नावाची टर्बो गाडी आणली. ११९९ सीसी, हिचीही ताकद १२० अश्वशक्ती, बॉनेटवर पट्टे. मे २०२५ मध्ये नवी अल्ट्रोझ आली, तिच्यात मात्र हे टर्बो इंजिन दिलेलं नाही. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी आहे, आणि पेट्रोलचं इंजिन साधं. म्हणजे आज कुणी "रेसर देतो, चांगली सूट देतो" म्हणालं, तर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते आधी विचारा. ते गाडीच्या कागदांवर असतं. जुना साठा वाईट नसतो, पण त्याचा भाव जुन्या साठ्याचाच पाहिजे.

चौथं नावही ऐकू येईल, पोलो. फोक्सवॅगनची पोलो पुण्याजवळ चाकणला बनायची, २०२२ मध्ये बंद झाली. तिच्या टर्बो मॉडेलवर अजून पोरांचा जीव आहे, आणि सेकंडहँड बाजारात ती मिळते. गाडी मजबूत होती यात शंका नाही. पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या वेळच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. शिवाय बंद झालेल्या गाडीच्या सुट्या भागांसाठी फोन फिरवत बसणं हे शहरातल्या हौशी माणसाचं काम. घरात एकच गाडी असणार असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

आता पोराची बाजूही मांडते, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नाही. जोरदार इंजिन नुसतं मिरवायला नसतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात गाडीत पाच माणसं आणि सामान असेल, तर साधं इंजिन धापा टाकतं, गियर सारखा खाली आणावा लागतो. टर्बो तिथे सहज चढतो. दोन पदरी रस्त्यावर संत्र्याच्या ट्रकमागे अडकलात, तर ओव्हरटेक जितका लवकर संपेल तितका बरा. चार डिस्क ब्रेक हेही खरं काम आहे, शोभा नाही. कडक स्प्रिंगांमुळे वळणावर गाडी डोलत नाही.

पण या सगळ्याचा लाभ होतो पुढच्या उजव्या सीटवर बसलेल्या माणसाला. चालवणाऱ्याला. आणि मैत्रिणींनो, आपण कुठे बसतो? मागे. मांडीवर नातू, पायाशी पिशवी, बाजूला सासूबाई. म्हणून माझं म्हणणं एवढंच की गाडीची परीक्षा मागच्या सीटवर बसून करायची. चालवून पोराने पाहावी, बसून आपण पाहावी, आणि दोघांचं मत सारखं धरावं.

ती परीक्षा कशी करायची ते सांगते. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्ह देतात ती गुळगुळीत रस्त्यावर, दहा मिनिटांची. त्यांना सांगा, खराब रस्त्यावर न्या. शहराबाहेर एखादा फुटलेला जोडरस्ता सापडतोच, आपल्याकडे त्याची टंचाई नाही. घरातली जेवढी माणसं नेहमी बसतात तेवढी बसवा. एन लाइनची चाकं सोळा इंची आहेत आणि टायरची रबराची भिंत बुटकी आहे. असं टायर वळणावर चांगलं, पण खड्ड्याचा दणका थेट कमरेत येतो. कुणाला मणक्याचा त्रास असेल, कुणी गरोदर असेल, तर हा दणका एकदा खाऊन बघितलाच पाहिजे. खड्ड्याची धार लागून बुटक्या टायरची भिंत फुटण्याचीही भीती जास्त, आणि असं टायर आपल्या तालुक्याच्या दुकानात लगेच मिळेल का, हे आधी विचारून ठेवा.

मग गतिरोधक. गावागावात लोकांनी स्वतः घातलेले उंटाच्या पाठीसारखे गतिरोधक आहेत. पाच माणसं भरली की गाडी खाली बसते. भरल्या गाडीने आपल्याच गावचा गतिरोधक पार होतो का, खाली घासतं का, ते कान लावून ऐका. आणि पांदण रस्त्याचं तर बोलायलाच नको. आपली काळी माती पावसाळ्यात चाकाला अशी धरते की ताकद १२० असो की ८२, पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. शेतात जायला या तिन्हीतली एकही गाडी कामाची नाही. सेल्समनने काहीही सांगो.

लुगडं नेसून, गुडघे धरून चढता-उतरता येतं का, हेही पाहायचं. इथे अल्ट्रोझचं एक कौतुक. तिची दारं अगदी काटकोनात, नव्वद अंशांत उघडतात. म्हाताऱ्या माणसाला आत बसवणं सोपं जातं. पण तिच्या मागच्या दाराची मूठ खिडकीच्या कडेला वर लपवलेली आहे. दिसायला छान, लहान मुलांचा हात मात्र पोचत नाही. डिक्कीत फरक बराच आहे. अल्ट्रोझची ३४५ लिटर, आय-२० ची ३११, स्विफ्टची २६५. लिटर म्हणजे काय कळत नसेल तर घरची एक मोठी बॅग आणि धान्याची अर्धी पोती सोबत न्या आणि ठेवून पाहा. हसतील तर हसू द्या.

आणि ऊन. अकोल्याचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या वर जातो. अशा गावात आतून काळीकुट्ट गाडी उन्हात दोन तास उभी राहिली की सीटला हात लावता येत नाही. एन लाइनचा काळा-लाल थाट फोटोत शोभतो. मागच्या सीटसाठी एसीचे वेगळे झरोके आहेत का, आणि ते तुम्ही घेणार त्याच मॉडेलमध्ये आहेत का, हे हात लावून पाहा. दाखवायची गाडी नेहमी सर्वांत महागड्या मॉडेलची असते.

आता जिवाचं. गाडी आदळली तर आतल्या माणसाचं काय होतं याची परीक्षा घेऊन तारे देतात. आपल्या देशाची स्वतःची अशी परीक्षा, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्याआधी ग्लोबल एनकॅप ही परदेशी संस्था आपल्या गाड्या तपासायची. अल्ट्रोझला तिथे जानेवारी २०२० मध्ये पाच तारे मिळाले, आणि २०२५ च्या नव्या अल्ट्रोझलाही भारत एनकॅपमध्ये पाचच आहेत. आय-२० ला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने तीन तारे दिले, पण ती तपासलेली गाडी दोन एअरबॅगांची होती. त्याच वर्षी तेव्हाच्या स्विफ्टला एकच तारा मिळाला. मात्र २०२४ ची स्विफ्ट ही वेगळी गाडी आहे, तिला जुना तारा चिकटवू नका. जुन्या गाडीचे चांगले तारेही नव्या गाडीला चिकटवायचे नाहीत. कोणती गाडी, कोणत्या वर्षी, किती एअरबॅगांची तपासली, हे तीन प्रश्न विचारायचे. घरातली मुलगी मोबाइलवर पाच मिनिटांत शोधून देईल.

तारे कितीही असोत, ते पट्टा लावलेल्या माणसासाठी असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. फार महागडी, भक्कम गाडी होती. ते मागच्या सीटवर होते, आणि मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. दोघंही वाचले नाहीत. मागच्या सीटवरचा पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. आपल्याकडे मागचे पट्टे सीटच्या कव्हराखाली दाबून टाकतात. नवी गाडी घरी आली की पहिल्याच दिवशी कव्हरवाला तेच करतो. त्याला तिथेच थांबवा.

वेगाबद्दल बोलल्याशिवाय स्पोर्टी गाडीचं बोलणं पुरं होत नाही, कारण आपल्या दाराशीच आता तसे रस्ते आले आहेत. अमरावती ते अकोला हा रस्ता एके काळी कसा होता ते आठवा. खड्ड्यांमुळे लोक आजारी माणसाला न्यायला घाबरायचे. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर, लोणी ते माना या भागात, ७५ किलोमीटरचा एक पदर सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबराने पुरा केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. आपल्या धामणगाव रेल्वे, नांदगाव खंडेश्वरवरून जातो तो. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे. रस्ता असा मिळाला की १२० अश्वशक्तीची गाडी हातात असलेल्या पोराचा पाय आपोआप खाली जातो.

त्याला घरीच एक हिशेब करून दाखवा. अमरावती ते अकोला साधारण शंभर किलोमीटर धरू. ताशी ८० ने गेलं तर सव्वा तास. ताशी १०० ने एक तास. ताशी १२० ने पन्नास मिनिटं, आणि ते तर या रस्त्यावर मर्यादेबाहेर आहे. म्हणजे जीव टांगणीला लावून वाचली दहा मिनिटं. आता दुसरी बाजू. ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, १२० ने ३३ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच हे अंतर संपलेलं असतं. आणि ८० ऐवजी १२० ने आदळली तर धडक दीडपट बसत नाही, सव्वादोन पट बसते. आपल्या रस्त्यावर संध्याकाळी कापसाची गाडी, मागे दिवा नसलेली ट्रॉली, दुभाजकातून शिरलेली गुरं असतात. सूर्य बुडताना पश्चिमेला, म्हणजे अकोल्याकडे तोंड करून चालवणाऱ्याला तर समोरचं दिसतही नाही.

समृद्धीचा रस्ता सिमेंटचा. सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात लांब आणि वेगाने गेलं की टायर तापतं. घासलेलं किंवा हवा कमी असलेलं टायर तिथे फुटतं. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासायची, किती ते चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. हे काम तुम्ही स्वतः शिकून घ्या. पाच मिनिटांचं आहे.

आता पैशाकडे येते, कारण सहीचा प्रश्न इथे आहे.

किमती सारख्या बदलतात, म्हणून अंदाजासाठी बाजारात आल्या त्या दिवसाच्या सांगते. स्विफ्ट २०२४ मध्ये ६ लाख ४९ हजारांपासून सुरू झाली. रेसर त्याच वर्षी ९ लाख ४९ हजारांपासून. एन लाइन २०२१ मध्ये ९ लाख ८४ हजारांपासून. सगळ्या शोरूमच्या किमती, कर आणि विमा वेगळा. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला. पेट्रोलची १२०० सीसीच्या आतली आणि चार मीटरच्या आतली गाडी असेल तर आधी २८ टक्के आणि वर सेस होता, आता १८ टक्के. आपल्या तिन्ही गाड्या या मापात बसतात. तेव्हा कुणी मोठ्या अक्षरांत "सूट" लिहिलं असेल तर विचारा, ही सरकारची करकपात आहे की तुमची सूट?

आपल्या राज्यात पेट्रोल गाडीचा एकरकमी रोड टॅक्स दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यावर वीस लाखांपर्यंत १२ टक्के आहे. आणि १२ टक्के लागले की ते अख्ख्या किमतीवर लागतात, वरच्या तुकड्यावर नाही. ९ लाख ९० हजारांच्या गाडीला सुमारे १ लाख ९ हजार टॅक्स, आणि १० लाख १० हजारांच्या गाडीला १ लाख २१ हजार. वीस हजारांच्या एका जास्तीच्या सोयीने टॅक्सच बारा हजारांनी वाढला. सनरूफवर बोट ठेवणाऱ्या पोराला हे सांगा. आणि वऱ्हाडच्या उन्हात छताला काच कशाला हवी, हे मला आजवर कळलेलं नाही.

साधी आणि स्पोर्टी यांच्यात तीन लाखांचा फरक आहे असं समजा. ते तीन लाख कर्जातून काढले, व्याज साडेनऊ टक्के आणि मुदत सात वर्षं धरली, तर त्या फरकाचाच हप्ता महिन्याला सुमारे ४,९०० रुपये होतो. सात वर्षांत फेड होते ४ लाख १२ हजारांच्या आसपास. हा फक्त थाटाचा आणि फुंकणीचा हप्ता, गाडीचा नाही. गटात आपण महिन्याला शंभर-दोनशे टाकतो, त्याशेजारी हा आकडा लिहून बघा.

मुदतीचंही तसंच. आठ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १३ हजारांच्या वर, पाच वर्षांसाठी घेतलं तर जवळजवळ १६ हजार ८००. सात वर्षांचा हप्ता हलका वाटतो, पण एकूण व्याज जवळपास नव्वद हजारांनी जास्त जातं. आणि हप्ता दर महिन्याला येतो, आपला माल मात्र वर्षातून एकदा किंवा दोनदा. ज्या घरात पगार नाही, त्या घराने बँकेला सहामाही किंवा वार्षिक हप्त्याची सोय आहे का ते विचारलंच पाहिजे.

तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली की ते कर्ज तुमच्याही नावावर धरलं जातं. पोराने तीन हप्ते चुकवले तर तुमचा सिबिल स्कोअर पडतो. पुढे तुम्हाला शिलाई मशीनसाठी, शेळ्यांसाठी, डाळ गिरणीसाठी कर्ज हवं असेल तेव्हा बँक ते दाखवते. वर्षातून एकदा हा अहवाल फुकट मिळतो. सही करण्याआधी एकदा आणि वर्षभराने पुन्हा एकदा काढून पाहा. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरवायचा असतो, तो कित्येक जण उतरवतच नाहीत. सातबाऱ्यावरचा बोजा जसा आपण कमी करून घेतो, तसंच हे.

विमा शोरूममधूनच घ्यावा असा नियम नाही. नव्या गाडीचा तिसऱ्या पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून. पण कोणत्या कंपनीचा, ते आपण ठरवायचं. दोन-तीन ठिकाणचे भाव कागदावर घ्या.

आणि आता एक गोष्ट, जी मी प्रत्येक बैठकीत सांगते. बरीच कुटुंबं गाडी आईच्या किंवा बायकोच्या नावावर घेतात. चांगलंच आहे. पण विम्यात मालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, ते लायसन्स असलेल्या मालकासाठी असतं. गाडी तुमच्या नावावर आणि लायसन्स नसेल, तर ते संरक्षण तुम्हाला नाही. आणि पोरगा चालवतो, पण मालक तो नाही, म्हणून त्यालाही नाही. मागे बसणाऱ्यांसाठी वेगळं संरक्षण थोडे पैसे भरून जोडता येतं, ते मागून घ्या. आणखी एक. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाने गाडी चालवली आणि अपघात झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. चावी कुठे टांगायची तेही आईनेच ठरवावं.

तर कोणती घ्यावी? मला विचाराल तर, घरात एकच गाडी, पाच माणसं, गावचा रस्ता आणि शेतीचं उत्पन्न असेल तर साध्या इंजिनाची अल्ट्रोझ. तारे आणि डिक्की दोन्हीसाठी. जवळपास टाटाचं वर्कशॉप नसेल आणि पोरगा रोज एकटाच नोकरीला जाणार असेल तर स्विफ्ट, कारण मारुतीच्या दुरुस्तीचं जाळं देशात सर्वांत मोठं आहे. आणि एन लाइन? अकोल्यात नर्स असलेल्या एका मुलीने मला विचारलं होतं. स्वतःचा पगार, घरी आई-वडिलांकडे दुसरी गाडी, रोजचा रस्ता चांगला, आणि चालवण्याची मनापासून आवड. तिला मी म्हटलं, खुशाल घे बाई, फक्त गियरची घे. ऑटोमॅटिकमध्ये दोन क्लच असतात, बाजारातल्या गर्दीत सारखं थांबत-चालत गेलं की ते तापतात, आणि दुरुस्ती महाग पडते. आवड ही काही वाईट गोष्ट नाही. ती ज्याची त्याने आपल्या पैशाने पुरवावी.

लायसन्सचं राहिलं. शिकाऊ लायसन्स आता आधार क्रमांकावरून घरबसल्या ऑनलाइन निघतं, परीक्षा मोबाइलवर देता येते. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी द्यायला आरटीओत जाता येतं. गाडी एमएच-२७ ची असो की एमएच-३० ची, बुकिंगच्या दिवशीच अर्ज केला तर गाडी दारात येईपर्यंत तुमचा अर्धा सराव झालेला असेल. पन्नाशीच्या कितीतरी बायका माझ्याकडे शिकल्या आहेत. क्लच सोडायला चार दिवस लागतात, भीती जायला दहा.

पुढच्या वेळी सेकंडहँड गाडी घेताना आरसी बुक आणि इंजिन कसं पाहायचं, त्यावर बोलू.